मोल्डचे सोनेरी भूत

मोल्ड (वेल्स) गावाजवळचा दफनाचा उंचवटा. रात्री तिथे सोन्याने झळाळणारी आकृती दिसते, अशी वदंता होती. १८३३ मध्ये दगड काढणाऱ्या मजुरांना त्याच जागी खांद्यांवर घ्यायचे, एकाच पत्र्यातून ठोकून घडवलेले कांस्ययुगीन सोन्याचे आच्छादन सापडले. तुकडे वाटले गेले. मोठा भाग १८३६ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे आला. काही लेखक या वदंतेला साडेतीन हजार वर्षांची लोकस्मृती मानतात. ते पटत नाही, कारण भुताच्या हकिकती लिहून ठेवल्या गेल्या त्या सोने सापडल्यानंतर. तरी त्या टिपणाऱ्या स्थानिक पाद्र्यांचे ऋण मोठे आहे. आच्छादनासोबत सापडलेल्या सांगाड्याजवळच्या अंबरमण्यांची माहितीही त्यांच्यामुळेच उरली. प्रत्यक्षात मणी एकच उरला आहे.