रायबागन : एका उमराव स्त्रीपात्राची घडण

मराठी इतिहासकथनात रायबागन एका प्रसंगापुरती येते. कोकण काबीज करण्यासाठी शाहिस्तेखानाने पाठविलेला कारतलबखान २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीच्या अरण्यात कोंडला जातो. पुढे वाट नाही, मागे वाट नाही, सैन्य तहानेने व्याकूळ झालेले. त्या वेळी त्याच्याच फौजेतील ही स्त्री त्याला त्याची चूक दाखविते व शरण जाण्याचा सल्ला देते. खान तो मानतो आणि सामानसुमान टाकून, खंडणी देऊन सुटतो. येथे पात्राचे काम संपते. कादंबऱ्या, किशोरवाङ्मय, व्याख्याने यांतून हा प्रसंग इतक्यांदा सांगितला गेला आहे की, ही स्त्री कोण आणि ती त्या खिंडीत कोणत्या नात्याने उभी होती, हा प्रश्न सहसा उपस्थितच होत नाही.

ती माहूरची, उदाराम देशमुखांच्या घराण्यातील. परंपरा तिचे नाव सावित्रीबाई असे सांगते. परंतु ग्रंथांतून उरला तो किताबच. ‘रायबागन’ म्हणजे राजव्याघ्री, आणि हा किताब औरंगजेबाने दिल्याचे सांगितले जाते. स्वतःचे नाव मागे पडून साम्राज्याने बहाल केलेले विशेषण हेच जिचे नाव झाले, अशी ही व्यक्तिरेखा आहे. माहूर आज नांदेड जिल्ह्यात आहे. मोगल व्यवस्थेत ते वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. कंधारचा किल्ला १६३१ मध्ये, तर आजच्या लातूर जिल्ह्यातील उदगीर व औसा हे किल्ले १६३६ मध्ये मोगलांच्या हाती गेले. म्हणजे उंबरखिंडीच्या वेळी या मुलखात मोगली अंमलाला पंचवीस-तीस वर्षे लोटली होती. नांदेड हे तर तेलंगण सुभ्याचे मुख्य ठिकाणच होते. अशा ठिकाणी देशमुखी टिकवायची तर सनद देणाऱ्या सत्तेची चाकरी अपरिहार्य ठरते. वतन हेच येथे निष्ठेचे अधिष्ठान आहे. खुद्द जिजाबाईंचे माहेर, सिंदखेडचे जाधव घराणे, निजामशाही व मोगलाई यांच्यामध्ये असेच वावरले, आणि शहाजीराजेही काही काळ मोगलांच्या सेवेत होते. हे ध्यानात न घेता रायबागनला ‘शत्रुपक्षाची’ म्हणणे म्हणजे नंतरच्या काळाची मोजपट्टी सतराव्या शतकाला लावणे होय.

कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’त हा प्रसंग विस्ताराने आला आहे. हे संस्कृत काव्य १९२७ मध्ये स. म. दिवेकरांच्या संपादनामुळे मराठी वाचकांपुढे आले. तेव्हापासून त्याचा उपयोग बहुधा साधन म्हणून झाला. काव्य म्हणून त्याची चिकित्सा त्या मानाने कमी झाली. काव्य म्हणून पाहिले की रायबागनच्या भाषणामागची परंपरा स्पष्ट दिसू लागते. गर्वाने अंध झालेल्या वीराला हिताचे चार शब्द ऐकविणारी स्त्री महाकाव्यांना नवी नाही. वालीला तारा अडविते, रावणाला मंदोदरी समजाविते. प्रतिपक्षाच्या मुखातून नायकाची थोरवी वदविण्याचा संकेतही जुनाच. दरबारी कवीला रायबागन हवी होती ती या कामासाठी, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

मात्र संकेताचा साचा येथे दोन ठिकाणी मोडतो. तारा आणि मंदोदरी या पत्नी आहेत आणि त्यांचे बोलणे ममतेतून येते. रायबागन कारतलबखानाची कोणी नाही. ती त्याच्या बरोबरीने मोहिमेवर आलेली आहे, आणि तिचा सल्ला हा अरण्य, पाणी व शत्रूचे बळ यांचा हिशेब करून दिलेला लष्करी निर्णय आहे. दुसरे असे की, तारेचे किंवा मंदोदरीचे कोणी ऐकत नाही, म्हणून तेथे शोकांतिका घडते. येथे खान ऐकतो, आणि फौज जिवंत परत जाते. प्रतिनायकाच्या गोटातील स्त्रीचे शहाणपण फलद्रूप होण्याचा हा प्रकार वीरकाव्यात विरळाच म्हणावा लागेल. कवीने तिला नायकस्तुतीचे साधन केले खरे, पण प्रसंगातील वस्तुस्थितीनेच तिला त्यापलीकडे नेले. नंतरच्या मराठी पुनर्कथनांनी नेमका हाच अंश गाळला आणि स्तुती तेवढी ठेवली.

साम्राज्याच्या आश्रयाने गादी सांभाळणारी विधवा ही आकृती आजच्या अद्भुतरम्य कथनातही आढळते. २०११ मध्ये आलेल्या ‘स्कायरिम’ या भूमिकाप्रधान संगणकीय खेळातील एलिसिफ ही अशीच एक उमराव स्त्री. तिच्या पतीला बंडखोर नेत्याने मारलेले आहे आणि साम्राज्याचा तिला पाठिंबा आहे. पण ती अननुभवी रंगविलेली आहे. एका खेडुताची कैफियत ऐकताच ती फौज धाडायला निघते आणि तिचा कारभारी तिला आवरतो. उंबरखिंडीत भूमिका नेमक्या उलट आहेत. तीन-साडेतीनशे वर्षांनंतरच्या कल्पितापेक्षा जुन्या दरबारी काव्याने उमराव स्त्रीला अधिक प्रौढ बुद्धी द्यावी, ही गंमत नोंदविण्याजोगी आहे. मात्र एका बाबतीत खेळ पुढे आहे. त्यात खेळणाऱ्याला साम्राज्य किंवा बंड यांपैकी कोणतीही बाजू घेता येते. बंड यशस्वी झालेच तर एलिसिफ नव्या सत्तेशी एकनिष्ठतेची शपथ घेऊन आपल्या जागी राहते, आणि खेळ तिला त्यासाठी फितूर ठरवीत नाही. वतनदारीचे तर्कशास्त्र तेथे निमूटपणे मान्य झालेले दिसते.

मराठी वाचकाची बाजू मात्र कथनाने आधीच ठरवून टाकलेली असते. नांदेड-लातूरकडचा विद्यार्थी ही कथा वाचतो तेव्हा ‘आपण’ या शब्दात तो खिंडीच्या माथ्यावरच्या मावळ्यांसह सामावला जातो. खाली अडकलेल्या फौजेत त्याच्याच मुलखाची देशमुखीण आहे, याची कथन त्याला जाणीव होऊ देत नाही. मराठवाड्याच्या सतराव्या शतकाला मराठी साहित्यात स्वतःचे असे दृष्टिकेंद्र लाभले नाही. निजामशाही, मोगलाई, पुढे आसफजाही, अशा परक्या नावांखालीच त्याची नोंद होत राहिली. माहूर म्हटले की रेणुका आणि दत्त आठवतात, महानुभावांची परंपरा आठवते. गडावरून मुलखाचा कारभार पाहणारी बाई आठवत नाही.

‘शिवभारत’ अपूर्ण आहे. उंबरखिंडीनंतर कथा शिवाजी महाराजांबरोबर दाभोळ, संगमेश्वर, शृंगारपूर अशी दक्षिणेकडे सरकत जाते. अभय घेऊन निघालेली फौज घाट चढून कोठे गेली, तिच्यातील रायबागनने माहूरच्या वतनाचे पुढे काय केले, या प्रश्नांशी कवीला कर्तव्य नव्हते. त्यांचा माग काढायचा तर काव्य बाजूला ठेवून वतनाच्या कागदांकडे आणि फारसी दफ्तरांकडे वळावे लागते.