पिडिंग्टनचं पत्र आणि एरसमाचं पाणी

या मालिकेत आपण आजवर लढायांबद्दल बोललो. आजचा शत्रू वेगळा आहे. त्याच्याशी माझी गाठ पडली तेव्हा माझ्या जवानांच्या हातात फावडी आणि दोरखंड होते.

नोव्हेंबर 1999. कारगिल संपून जेमतेम तीन महिने झाले होते. मी तेव्हा मेजर होतो. मदतकार्याच्या तुकडीबरोबर ओडिशाच्या जगतसिंगपूर जिल्ह्यात पोचलो. 29 ऑक्टोबरला पारादीपजवळ महाचक्रीवादळ किनाऱ्यावर आदळलं होतं. वाऱ्याचा वेग ताशी 260 किलोमीटरच्या आसपास. एरसमा भागात समुद्र गावांत शिरला होता. विहिरी खारट झालेल्या, भाताची शेतं चिखलात गेलेली. सरकारी आकडा सुमारे 10 हजार मृतांचा होता. तिथे एक म्हातारा मला म्हणाला, “साहेब, वारा येणार हे ऐकलं होतं. पाणी येणार, हे आम्हाला कुणी समजावलं नाही.”

हे वाक्य मी विसरलो नाही. म्हणून आधी हे पाणी येतं कुठून, ते पाहू.

चक्रीवादळ म्हणजे वाफेवर चालणारं इंजिन. त्याचं इंधन म्हणजे कोमट समुद्र. साधारण 26.5 अंश किंवा त्याहून जास्त तापमान, तेही वरच्या पन्नासेक मीटर पाण्यात, असावं लागतं. वाफ वर जाते, थंड होऊन तिचे ढग बनतात. पाण्याची वाफ होताना जी उष्णता खर्ची पडली, ती इथे परत बाहेर पडते. त्यानं हवा आणखी तापून वर चढते, खाली दाब घटतो, चहूबाजूंची दमट हवा तिथे धावते आणि चक्र सुरू राहतं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात ही धावणारी हवा उजवीकडे वळते, म्हणून वादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं फिरतं. विषुववृत्तावर हा परिणाम नसतो, त्यामुळे त्याच्या अगदी जवळ वादळं सहसा जन्मत नाहीत. वरच्या आणि खालच्या थरांतल्या वाऱ्यांत फार फरक असेल, तर ढगांचा मनोरा कलतो आणि इंजिन बंद पडतं. भर मान्सूनमध्ये मोठी चक्रीवादळं क्वचित होतात, त्याचं हे मुख्य कारण. आपले धोक्याचे महिने दोन टप्प्यांत येतात: एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर.

वारा समुद्राला किनाऱ्याकडे ढकलतो. बंगालच्या उपसागराचा उत्तर भाग उथळ आणि नरसाळ्यासारखा निमुळता आहे. ढकललेल्या पाण्याला परतायला वाव नसतो, मग ते चढत जातं. 1999 मध्ये ते पाच-सहा मीटर चढलं, म्हणजे दुमजली घराएवढं.

ही गोष्ट 1999 मध्ये नवी होती का? मुळीच नाही. हेन्री पिडिंग्टन हा पूर्वीचा जहाजी कप्तान कलकत्त्यात राहत होता. जहाजांच्या नोंदवह्या जुळवून त्यानं वादळांचा अभ्यास केला. ‘सायक्लोन’ हा शब्द त्यानंच, सापाच्या वेटोळ्यावरून, घडवला. 1848 च्या त्याच्या पुस्तकात तो छापून आला. पुढे मातला नदीवर नवं बंदर उभारायचं ठरत होतं. 1853 मध्ये पिडिंग्टननं गव्हर्नर-जनरल डलहौसीला जाहीर पत्र लिहिलं. वादळाबरोबर येणारी पाण्याची लाट हाच त्या पत्राचा विषय होता. एक दिवस ती सगळं बुडवेल, असा त्याचा इशारा होता. कुणी ऐकलं नाही. पोर्ट कॅनिंग उभं राहिलं. पिडिंग्टन 1858 मध्ये वारला. 1867 च्या नोव्हेंबरात वादळ आलं, लाट आली, आणि काही वर्षांत ते बंदर सोडून द्यावं लागलं.

दरम्यान 1864 च्या वादळानं कलकत्ता परिसरात हजारोंचे प्राण घेतले होते. त्यानंतरच्या दुष्काळांची भर पडली आणि 1875 मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं.

आमच्याकडे एक साधा नियम असतो. हुकूम दिला म्हणजे काम संपत नाही. शेवटच्या जवानाला तो समजला की संपतं. ओडिशानं 1999 नंतर हेच केलं. स्वतंत्र आपत्ती प्राधिकरण, किनाऱ्यावर निवारे, गावोगाव स्वयंसेवक. 12 ऑक्टोबर 2013 ला फायलिन गोपाळपूरजवळ आलं, तेव्हा सुमारे दहा लाख माणसं आधीच हलवली होती. मृतांचा आकडा पन्नासच्या आसपास राहिला. वादळ भयंकरच होतं, पण या वेळी निरोप झोपडीपर्यंत पोचला होता.

आता समुद्र तापतो आहे. हवा एक अंशानं तापली तर ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरू शकते, म्हणजे पाऊसही जास्त. आपला अरबी समुद्र शांत, असं मानणाऱ्यांनी 3 जून 2020 चं निसर्ग वादळ आठवावं. श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्यांतली नारळी-पोफळी तेव्हा आडवी झाली.

तुम्ही चेन्नईत असा, विशाखापट्टणमला असा की रत्नागिरीत, इशारा आला की वाऱ्याच्या वेगाबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: पाणी किती चढणार? त्या म्हाताऱ्याला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

जय हिंद.