सेकंड-हँड गाडीचा सेल्फ जड फिरतो, गाडी चालू होत नाही : खर्च करण्याआधी काय काय तपासावे

मेहकर-सुलतानपूर-बीबी-दुसरबीड-सिंदखेडराजा हा आपला जुना रस्ता. त्या रस्त्यावरच्या कुठल्याही गावात आता घरटी नाही, तरी गल्लीला दोन-चार चारचाकी दिसतातच. त्यातल्या बऱ्याच सेकंड-हँड आहेत. जालना, औरंगाबाद, पुण्याकडून आठ-दहा वर्षे वापरलेली गाडी घ्यायची, घरची लग्ने, दवाखाना, बाजार त्याच्यावर करायचे. अशा गाडीची सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार एकच: सकाळी चावी फिरवली की सेल्फ जड-जड फिरतो, 'घर्र... घर्र...' करतो आणि गाडी काही चालू होत नाही.

त्यावर सल्लाही ठरलेला असतो. "बॅटरी गेली, नवीन टाका." कधी तो बरोबर निघतो. पण आमच्या ओळखीतल्या एका घराने जुन्या डिझेल गाडीला आधी नवीन बॅटरी टाकली, दोन महिन्यांनी सेल्फ बदलला, आणि तरी गाडी तशीच. शेवटी एका वायरिंगवाल्या उस्तादाने खाली वाकून पाहिले तर इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टी बोल्टाजवळ गंजून धाग्यावर लटकत होती. पट्टी काही शेकड्यांची, वाया गेलेले पैसे हजारांत. आणि मधल्या काळात रात्री-बेरात्री घरातल्या आजारी माणसाला न्यायची वेळ आली असती तर काय, ही धास्ती वेगळी. म्हणून अंदाजाने सामान बदलत बसण्याआधी काय पाहायचे, ते आम्ही इथे सविस्तर देत आहोत.

आधी आवाज ओळखा

चावी फिरवल्यावर सेल्फ नेहमीच्या जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर तो दोष बहुधा पेट्रोल-डिझेलचा, प्लगचा किंवा सेन्सरचा. तो विषय वेगळा. नुसता एकदा 'टक्' असा आवाज येऊन सारे शांत, तर सेल्फचा सोलेनॉइड, त्याची वायर किंवा बॅटरीचे टर्मिनल पाहावे. भराभर 'टक्-टक्-टक्' होत असेल तर बॅटरी बहुतेक पार उतरलेली. आणि सेल्फ फिरतो, पण म्हातारा माणूस जिना चढतो तसा, तर हा लेख त्याच गाडीसाठी आहे.

नुसते सावकाश फिरून गाडी चालू का होत नाही, हेही समजून घ्या. डिझेल गाडीत ठिणगी नसते. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेटावे, म्हणून तिथे हवा १६ ते २२ पट दाबली जाते. पेट्रोल इंजिनात हेच प्रमाण साधारण ९ ते ११. सेल्फ हळू फिरला की दाबलेली हवा फटीतून निसटते, थंड होते, डिझेल पेटत नाही. नवीन कॉमन-रेल डिझेलमध्ये तर ठराविक वेग आल्याशिवाय डिझेलच्या पाइपात पुरेसा दाबही तयार होत नाही. पेट्रोल गाडीत सेल्फ सगळा करंट ओढून घेतो आणि कॉम्प्युटरला, प्लगच्या कॉइलला व्होल्टेज पुरत नाही. म्हणजे सेल्फचा दोष इंजिनाचा दोष असल्यासारखा वाटतो, आणि माणूस उगाच पंप-नोझल खोलत बसतो.

"हॉर्न तर वाजतो, मग बॅटरी ठीक आहे"

हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की त्याच्यावर थोडे थांबलेच पाहिजे. हेडलाइटचा एक बल्ब साधारण ५ अँपिअर करंट घेतो. सेल्फ मात्र लहान पेट्रोल गाडीतही शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, डिझेलमध्ये त्याहून बराच जास्त. आता समजा एखाद्या टर्मिनलवर गंज चढून फक्त ०.०२ ओहमचा अडथळा झाला. ५ अँपिअरला तिथे ०.१ व्होल्ट खर्च होतो, बल्बला पत्ताही लागत नाही. पण १५० अँपिअरला त्याच जागी ३ व्होल्ट जातात. बाराच्या जागी सेल्फला नऊच मिळाले, तर तो जड फिरणारच. पाण्याच्या पाइपात खडा अडकला तर नळाची धार येते, मोटार लावून वाफा भरायला गेले तर भरत नाही, तसेच हे.

म्हणून पहिली तपासणी बिनपैशाची. अंधारात किंवा भिंतीसमोर हेडलाइट लावा आणि दुसऱ्या कोणाला चावी फिरवायला सांगा. सेल्फ फिरताना लाइट अगदी मंद झाला किंवा विझलाच, तर बॅटरी कमजोर आहे, बॅटरीच्या टर्मिनलवर दोष आहे किंवा सेल्फ गरजेपेक्षा जास्त करंट ओढतो आहे. लाइट जवळपास तसाच राहिला आणि सेल्फ मात्र जड, तर बॅटरीला दोष देऊ नका. करंट पुढे कुठेतरी अडतो आहे: इंजिनची अर्थिंग, सेल्फकडे जाणारी जाड केबल किंवा खुद्द सेल्फ.

टर्मिनल आणि अर्थिंग

जुन्या गाडीत सर्वांत जास्त दोष इथेच सापडतात, म्हणून घाई करू नका. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी दिसते का पाहा. टर्मिनल हाताने हलते का पाहा. हलता कामा नये. काढताना आधी काळी म्हणजे मायनसची वायर काढायची, लावताना ती शेवटी. हा क्रम चुकला आणि पाना प्लसवरून बॉडीला लागला तर ठिणगी उडते, पाना लाल होतो. खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासले की भुकटी निघते. मग कोरडे करून पॉलिश पेपरने शिसे चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वरून थोडे ग्रीस किंवा व्हॅसलीन लावा. सोड्याचे पाणी बॅटरीच्या बुचातून आत जाऊ देऊ नका. हात धुवा, पोरांना लांब ठेवा, आत ॲसिड आहे.

वरून स्वच्छ दिसणारे टर्मिनलही फसवते. कितीतरी सेकंड-हँड गाड्यांत मूळ टोपण तुटलेले असते आणि कोणीतरी पत्र्याचे हलके टोपण लावून तांब्याच्या तारा त्यात कोंबलेल्या असतात. त्या आतून काळ्या पडतात.

मग अर्थिंग. बॅटरीच्या मायनसवरून एक वायर बॉडीला आणि एक जाड वायर किंवा विणलेली पट्टी इंजिन-गिअरबॉक्सला जाते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे ही पट्टी नसेल तर त्याला परतीची वाटच नाही. क्लचचे काम झाले, गिअरबॉक्स उतरला, अपघातानंतर डेंटिंग-पेंटिंग झाले, की ही पट्टी लावायची राहून जाते किंवा रंगाच्या थरावरच बोल्ट आवळला जातो. मागच्या मालकाने काय काय करून घेतले हे तुम्हाला माहीत नसते, म्हणून हे पाहावेच.

तपासायची सोपी युक्ती: चांगल्या जाडीच्या जम्पर केबलचे एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरे इंजिनच्या उघड्या लोखंडाला घट्ट लावा, हलत्या बेल्ट-पंख्यापासून दूर. आता सेल्फ मारा. गाडी झटक्यात उठली तर दोष अर्थिंगचा, आणि तुमचे बॅटरीचे पैसे वाचले.

घरात साधा मल्टिमीटर असेल तर आणखी खात्री होते. एक पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर (टोपणावर नाही), दुसरी इंजिनच्या लोखंडावर, आणि सेल्फ मारताना वाचा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आले तर अर्थिंग खराब. तसेच प्लसची खुंटी आणि सेल्फवरचा जाड केबलचा बोल्ट यांच्यात ०.५ च्या आत असावे. चारपाचशे रुपयांच्या मीटरचे पैसे एका तपासणीत वसूल होतात.

बॅटरी

बॅटरीचा निकाल तिला पूर्ण चार्ज केल्यावरच लावावा. उतरलेली आणि मेलेली यात फरक आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर खुंट्यांवर १२.६ च्या आसपास व्होल्ट असतील तर ती भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ मारताना हा आकडा ९.६ च्या खाली घसरू नये. भरलेली बॅटरी असून घसरत असेल तर ती बदलायलाच आली, किंवा सेल्फ जास्त ओढतो. दुकानातला लोड टेस्टर हे दोन मिनिटांत सांगतो.

दोन गोष्टी विशेष पाहा. पहिली, बॅटरीचा आकार. विकताना स्वस्तातली लहान बॅटरी बसवून देणारे कमी नाहीत. लहान पेट्रोल गाडीला ३५ ए.एच. चालते, डिझेलला ५०-६० किंवा त्याहून मोठी लागते. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला आकडा आणि बॅटरीवरचा आकडा जुळवा. दुसरी, तिचे वय. बॅटरी थंडीत दगा देते, पण तिला मारतो उन्हाळा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो, त्यात आतले पाणी आटते, प्लेटा झिजतात, आणि डिसेंबरच्या पहाटे ऑइल घट्ट झाले की तिची कमजोरी बाहेर येते. बुचे उघडणारी बॅटरी असेल तर डिस्टिल वॉटर पाहत जा. बोअरचे पाणी कधीच नाही, ॲसिडही नाही.

नवी बॅटरी टाकूनही महिन्याभरात तेच रडगाणे सुरू झाले, तर ती चार्ज होत नाही किंवा कोणीतरी चोरून खाते आहे. गाडी चालू असताना खुंट्यांवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. नसतील तर डायनामो किंवा त्याचा बेल्ट पाहा. आणि बंद गाडीत करंट ०.०५ अँपिअरच्या खूप वर असेल तर मागच्या मालकाने बसवलेली टेप, अलार्म, जीपीएस, डिकीचा दिवा यांच्यावर संशय घ्या. एकेक फ्यूज काढत गेले की चोर सापडतो. आठवड्यातून एकदा मशिदीपर्यंत किंवा बाजारापर्यंतच गाडी फिरवणाऱ्यांची बॅटरीही अर्धीच राहते. सेल्फने घेतलेले परत भरायला तेवढे अंतर पुरत नाही.

सेल्फ आणि मग इंजिन

टर्मिनल, अर्थिंग, बॅटरी तिन्ही नीट असून सेल्फ जड असेल तर आता त्याच्यावर या. थंड असताना बरा आणि लांबून येऊन गरम झाल्यावर जड, ही झिजलेल्या बुशाची जुनी खूण. आर्मेचर एका बाजूला घासते आणि दुप्पट करंट खाते. बहुतेक वेळा बुश, कार्बन बदलून आणि साफ करून तोच सेल्फ चालतो. आपल्याकडचे ऑटो-इलेक्ट्रिकवाले हे काम चांगले करतात. पूर्ण नवा सेल्फ घ्या असे कोणी लगेच म्हणाले तर जुना खोलून दाखवायला सांगा, आणि तो परत घ्या.

क्वचित दोष इंजिनात असतो. पुस्तिकेत पातळ ऑइल सांगितलेले असताना कोणी २०डब्ल्यू-५० टाकलेले असते, थंडीत तेच जड पडते. बेल्टवरचा डायनामो किंवा एसीचा कॉम्प्रेसर जाम असू शकतो. गाडी नाल्याच्या पुरातून आली असेल आणि त्यानंतर सेल्फ अडकत असेल, तर पुन्हा चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

रस्त्यात अडकलात तर

जम्पर केबलने चालू करताना क्रम असा: लाल टोक आपल्या प्लसला, दुसरे लाल मदतीच्या गाडीच्या प्लसला, काळे तिच्या मायनसला, आणि शेवटचे काळे आपल्या इंजिनच्या लोखंडाला. बॅटरीवर नको, कारण तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडाला ठिणगी उडते. बहुतेक ट्रॅक्टर १२ व्होल्टचे असतात, ते चालतात. ट्रकचे २४ व्होल्ट कारला कधीही जोडू नका, कॉम्प्युटर जळतो. आपल्या रस्त्यावर मदतीला ट्रकच आधी थांबतो, म्हणून हे घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला, भावाला आणि बहिणीलाही, सांगून ठेवा.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. धक्का मारून गाडी चालू करणे जुन्या मॅन्युअल गाडीत जमते, ऑटोमॅटिकमध्ये नाही. आणि बॅटरी पार मेली असेल तर पंप आणि कॉम्प्युटरच जागे होत नाहीत, मग कितीही ढकला.

गाडी अजून घ्यायची असेल

विकणाऱ्याला सांगून ठेवा की इंजिन थंड हवे. पोहोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागले तर त्याने तुमच्या येण्याआधी गाडी चालू करून ठेवली आहे. चहा घ्या, दोन तास थांबा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जा. थंड गाडीचा सेल्फ स्वतःच्या कानाने ऐका, बॅटरीचे बिल आणि वॉरंटी कार्ड मागा, अर्थिंगची पट्टी बघा. घरी आणल्यावर डिकीत जाड जम्पर केबल, टॉर्च आणि दहाचा पाना टाकून ठेवा. बहुतेक गाड्यांच्या टर्मिनलचा नट त्यानेच निघतो.