महाडचे कारखाने आणि लांबवलेला कर

महाड म्हटले की आपल्याला चवदार तळे आठवते, १९२७ चा सत्याग्रह आठवतो, रायगडाची वाट आठवते. पण मुंबई-गोवा महामार्गाने महाडहून पोलादपूरकडे निघालात, की बिरवाडीच्या बाजूला आणखी एक महाड दिसते. धुरांडी, टाक्या आणि रसायनांचा वास असलेले. सावित्रीच्या काठच्या या भातशेतीच्या मुलखात कारखानदार का आला? पाणी होते, महामार्ग होता, हे खरे. पण त्याच्या हिशेबाच्या वहीत आणखी एक रकाना होता. तो सरकारी सवलतीचा. आज त्या रकान्याविषयी बोलायचे आहे.

महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा उद्योगांची दाटी मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात होती. ती मोडावी म्हणून १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, १९६४ साली सामूहिक प्रोत्साहन योजना आली आणि १९६६ साली 'सिकॉम' स्थापन झाले. योजनेचे सूत्र सोपे होते. जो विकसित पट्टा सोडून मागास तालुक्यात भांडवल घालील, त्याला अधिक सवलत. १९७९, १९८३, १९८८, १९९३ असे तिचे तपशील बदलत गेले, पण सूत्र तेच राहिले.

या सवलतीचा कणा विक्रीकर होता. काही कारखान्यांना तो माफ होई. काहींना तो ग्राहकाकडून घेऊन लगेच सरकारजमा न करता बरीच वर्षे बिनव्याजी वापरता येई. नुसता कर लांबवण्यात एवढे काय, असे आपल्याला वाटेल. त्याची किंमत एका खटल्यातून कळते. 'सुल्झर इंडिया' या कंपनीचा असा लांबवलेला कर सुमारे ७ कोटी ५२ लाख रुपये होता. बारा वर्षांनंतर तो सहा हप्त्यांत फेडायचा होता. पुढे मुदतीआधी, आजच्या किमतीने फेडण्याची मुभा मिळाली, तेव्हा सुमारे ३ कोटी ३७ लाखांत हिशेब मिटला. उरलेले चार कोटी कंपनीचे उत्पन्न मानून त्यावर प्राप्तिकर लावावा का, हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि २०१४ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. कायद्याने ते योग्यच असेल. आपण एवढेच लक्षात ठेवू, की निम्म्याहून अधिक किंमत नुसत्या मुदतीची होती, आणि ती सरकारी तिजोरीने सोसली.

आता महाड-पोलादपूरची गरज पाहा. इथली घरे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि अनेक चाकरमान्यांना गावची वाट धरावी लागली. त्यांना हवे होते हाताला काम. सवलतीची कमाल मर्यादा मात्र ठरे ती स्थिर भांडवलावर, म्हणजे इमारत आणि यंत्रांच्या किमतीवर. यंत्र जितके महाग, तितकी मर्यादा मोठी. रसायनांच्या कारखान्यात टाक्या आणि नळांवर पैसा फार लागतो, माणसे त्या मानाने थोडी लागतात.

नोकरीची अट होतीच. ८० टक्के स्थानिक घ्यावेत, अशी. पण २००८ च्या शासन निर्णयानुसार स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात किमान १५ वर्षे राहिलेला. पोलादपूरच्या डोंगरातला मुलगा आणि नागपूरचा मुलगा, दोघेही इथे सारखेच स्थानिक!

वसाहतीने काही दिलेच नाही, असे म्हणणारा मी नाही. पगार आले, खोल्या भाड्याने गेल्या, ट्रक धावू लागले, बिरवाडीची बाजारपेठ वाढली. कित्येक घरांतला मुलगा मुंबईला न जाता संध्याकाळी घरी जेवू लागला. हे लहान नव्हे. पण सावित्रीच्या पाण्याबद्दलच्या तक्रारीही आल्या. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी इथल्या एका औषध कारखान्यात स्फोट होऊन ११ जणांचा जीव गेला. भांडवलाच्या रकान्यात या गोष्टी मांडायला जागा नव्हती.

सवलतींच्या चढाओढीत राज्ये एकमेकांचा महसूल बुडवत होती. म्हणून १ जानेवारी २००० पासून नव्या उद्योगांना विक्रीकराची सवलत द्यायची नाही, असे त्यांनी मिळून ठरवले. पण २००७ च्या योजनेत भरलेल्या कराशी जोडलेले अनुदान आले आणि २०१७ च्या वस्तू व सेवा करानंतरही ती पद्धत टिकली. नाव बदलले, पैसा जनतेचाच राहिला.

सवलत द्यावी, कोकणाला तिची गरज होती आणि आहे. माझे म्हणणे एवढेच, की तिचा हिशेब तालुक्याला कळावा. किती कर सोडला, त्यातून याच तालुक्यातल्या किती जणांना कायमची नोकरी लागली, नदीत काय सोडले गेले. तीन आकडे. बिरवाडीच्या ग्रामपंचायतीबाहेरच्या फळ्यावर ते खडूने लिहिता येतील.