नदी रस्ता होणार होती

आदिलाबादहून पांढरकवड्याकडे जाताना पैनगंगेचा पूल लागतो. पूल ओलांडला की राज्य बदलते, पाट्यांची लिपी बदलते. माणसे मात्र बदलत नाहीत. अलीकडच्या गावातली लेक पलीकडे दिलेली असते आणि पलीकडचा कापूस अलीकडच्या बाजारात येतो. माझे आजोबा सांगत, की पूल नव्हता तेव्हा उन्हाळ्यात बंडी उतारावरून पात्रातूनच नेत आणि पावसाळ्यात डोंग्यातून पलीकडे जात. नदी त्यांच्या लेखी आडवी ओलांडायची गोष्ट होती. तिच्यातून लांबवर प्रवास करावा, हे त्यांच्या मनात कधी आले नसावे.

नववीच्या वर्गात राष्ट्रीय जलमार्गांविषयी बोलत होतो. सन 2016 च्या कायद्याने देशातील 111 जलमार्ग राष्ट्रीय म्हणून जाहीर झाले. त्या यादीत पैनगंगा-वर्धा आहे, वैनगंगा-प्राणहिता आहे, गोदावरीही आहे. एका मुलाने उठून विचारले, "सर, मग आपल्या नदीतून बोट का जात नाही?" वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. कारण दीडशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न फार मोठ्या माणसांनी विचारला होता आणि त्याच्या उत्तरापायी लाखो रुपये नदीत घातले होते.

त्या माणसांत पहिले नाव सर आर्थर कॉटन यांचे. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वर येथे 1847 ते 1852 या काळात त्यांनी गोदावरीवर आनिकट बांधले. त्रिभुज प्रदेशात कालवे निघाले. त्या कालव्यांतून शेतीला पाणी मिळाले, तसे पडावांना मार्गही मिळाले. धान्य आणि उतारू पाण्यावरून जाऊ लागले. कॉटन यांचे ठाम मत होते, की हिंदुस्थानात आगगाडीपेक्षा जलमार्ग स्वस्त पडेल. हे मत त्यांनी पुढे 1878 मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढेही मांडले.

याच विचारातून वरच्या गोदावरीची योजना पुढे आली. नकाशा डोळ्यांपुढे आणा. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून चपराळ्याजवळ प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंचा-कालेश्वरापाशी गोदावरीत जाते आणि गोदावरी समुद्राला. म्हणजे हिंगणघाटच्या परिसरातला कापूस पाण्यावर घातला, तर तो थेट पूर्व किनाऱ्याला उतरायला हवा! 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले होते, पाठोपाठ नागपूरचे राज्यही खालसा झाले होते. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना या काळ्या मातीतल्या कापसाची ओढ होती. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडची रूई अडली आणि ही ओढ निकडीची झाली. 1862 पासून मध्य प्रांताचा कारभार पाहणारे सर रिचर्ड टेंपल हेही योजनेचे पुरस्कर्ते होते. वरच्या कामाची धुरा हेग या इंजिनिअर अधिकाऱ्याकडे होती.

नदी मात्र एवढी सरळ नव्हती. तिच्या वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. पहिला भद्राचलमच्या वर दुम्मगुडेमला, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीला आणि तिसरा प्राणहितेवर अहेरीजवळ देवलमरीला. या तिसऱ्या अडथळ्यासमोरचा काठ आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचा. खडकाळ टप्प्यावर बांध घालून पाणी अडवायचे, बाजूने कालवा काढायचा आणि त्यात 'लॉक' बांधायचे, अशी युक्ती होती. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला पाण्याचा हौद. खालून आलेली नाव आत घ्यायची, मागचे दार लावायचे आणि वरचे पाणी आत सोडायचे. हौद भरतो तशी नाव आपोआप वर चढते; मग पुढचे दार उघडायचे. नदीला पायऱ्याच बांधायच्या म्हणा ना!

दुम्मगुडेमला आनिकट आणि लॉक झाले. पुढे घनदाट जंगल, हिवताप, पटकी आणि मजुरांचा तुटवडा. पावसाळ्यात महापूर, उन्हाळ्यात गुडघाभर पाणी. काम रेंगाळत गेले. इकडे अमेरिकेतले युद्ध 1865 मध्ये संपले आणि 1867 मध्ये मुंबईची आगगाडी नागपूरला पोचली. वऱ्हाडचा कापूस पूर्वेऐवजी पश्चिमेला वळला. अखेर 1871 मध्ये सरकारने योजना सोडून दिली. अहेरीच्या जंगलातले सागवान तेवढे तराफ्यांवरून राजमहेंद्रीकडे वाहत राहिले. 1929 मध्ये काझीपेठ-बल्लारशा लोहमार्ग पूर्ण झाला, तेव्हा आपल्या भागाला दक्षिणोत्तर वाट मिळाली. पण ती रुळांची, पाण्याची नव्हे.

योजना बुडाली, एवढ्यावर ही कथा थांबत नाही. तिने मागे ठेवलेली एक गोष्ट आपण आजही भोगतो आहोत. 1860 मध्ये इंग्रज आणि निजाम यांच्यात तह झाला. त्यात गोदावरीवरची वाहतूक जकातमुक्त करण्याचे ठरले, आणि त्याच तहाने निजामाचा डाव्या काठाचा मुलूख, सिरोंचाकडील भागासह, इंग्रजांकडे गेला. ज्या कागदाने नदीला रस्ता करायचे ठरवले, त्याच कागदाने तिला सरहद्द केले! रस्ता झाला नाही. सरहद्द मात्र टिकली. 1853 मध्ये पैनगंगेचे असेच झाले होते. पुढे 1956 च्या भाषावार रचनेत आपला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. किनवट आणि राजुरा हे तालुके त्यातून निघून मराठी मुलुखात गेले. 2014 मध्ये तेलंगण झाले, 2016 मध्ये जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. आज सिरोंचा महाराष्ट्रात आणि समोरचे कालेश्वर तेलंगणात आहे. मध्ये तीच नदी.

आता या नद्यांविषयी ऐकू येते ते पाण्याच्या वाटणीचे. प्राणहितेच्या संगमाखाली मेडिगड्डा बॅरेज 2019 मध्ये सुरू झाले, 2023 मध्ये त्याचे काही खांब खचले. कोणाची जमीन बुडाली, कोणाला किती पाणी, हे प्रश्न खरेच आहेत आणि शेतकऱ्याच्या पोटाशी निगडित आहेत. परंतु नदी म्हटली की वाटणीच आठवावी, एवढीच तिची ओळख उरावी, याचे वाईट वाटते. आपल्या मुलांना मराठी पुस्तकातली नदी नकाशाच्या खालच्या कडेला दिसते, तेलुगू पुस्तकातली वरच्या कडेला. दोन्हीकडे ती कडेलाच!

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मी दुसऱ्या दिवशी दिले. खडक, उन्हाळ्यातले पाणी, आगगाडी, सगळे सांगितले. मग वर्गाला घरचा अभ्यास दिला, की नकाशा काढा. पण नदी कागदाच्या मधोमध काढा आणि दोन्ही काठांवर आपापल्या नातेवाइकांची गावे लिहा. चाळीस नकाशे आले. एकाही नकाशात एका काठावरची जागा रिकामी नव्हती. प्रश्न विचारणाऱ्या मुलाने पैनगंगेत एक छोटी बोटही काढली होती. मी ती खोडली नाही.