तळटीप २७ : आग्र्याचे तीस रुपये

२७. ‘आग्र्याचे तीस रुपये’ : लेखकाच्या वाचकांना एवढा उल्लेख पुरत असे. आग्र्याच्या फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने गाडी निघण्याच्या वेळी मोतद्दार हजर नव्हता म्हणून त्याला मारले. तो थोड्याच वेळात मेला. शवतपासणीत प्लीहा फुटलेली आढळली. खटला भरला गेला तो साध्या दुखापतीचा, शिक्षा तीस रुपये दंड, आणि अलाहाबाद हायकोर्टाने त्यात हात घातला नाही. १८७६ साली व्हाइसरॉय लिटनने या निकालावर जाहीर ताशेरे ओढले, तेव्हा अँग्लो-इंडियन वृत्तपत्रे त्याच्यावरच उलटली. (दोनच वर्षांनी देशी वृत्तपत्रांचा गळा आवळणारा लिटन तो हाच, त्याला रयतेचा कैवारी समजायचे कारण नाही.) हिवतापाने वाढलेली प्लीहा हा अशा खटल्यांत गोऱ्या आरोपीचा हुकमी बचाव असे.

लेखक सारा दोष न्यायाधीशांच्या वृत्तीवर टाकतो, ते अपुरे आहे. पक्षपात कायद्यातच होता. १८७२ च्या फौजदारी संहितेनुसार मुफसलात (इलाख्यांच्या राजधानीच्या शहरांबाहेर) गोऱ्या ब्रिटिश प्रजाजनावरचा खटला गोऱ्या अधिकाऱ्यापुढेच चाले. हिंदी सनदी अधिकारी बिहारीलाल गुप्तांना कलकत्त्यात मॅजिस्ट्रेट असताना गोऱ्यांवर खटला चालवण्याचा जो अधिकार होता, तो बढती मिळून जिल्ह्यात गेल्यावर उरला नाही! या विसंगतीवरच्या त्यांच्या टिपणातूनच हिंदी न्यायाधिकाऱ्यांना तो अधिकार देऊ पाहणारे १८८३ चे इल्बर्ट बिल निघाले. गोऱ्या मळेवाल्यांच्या आरड्याओरड्यापुढे सरकार नमले, आणि १८८४ चा कायदा झाला तो गोऱ्या आरोपीला निम्मे ज्यूरर युरोपीय किंवा अमेरिकन मागण्याचा हक्क देऊनच. फौजदारी कायद्यातले असे उरलेसुरले भेद १९४९ साली रद्द झाले. — संपादक