थंडीने फोडलेला दगड

इन्स्टाग्रामवर ‘कॉट्सवोल्ड्स’ शोधून पाहा. मधाच्या रंगाची, उतरत्या छपरांची, एकमेकांना चिकटलेली दगडी घरं दिसतील. त्यांत बायबरी गावातली ‘आर्लिंग्टन रो’ असणारच. फोटो गोड आहे, पण ही रांग गोड दिसावी म्हणून बांधलेली नव्हती. खरं तर राहण्यासाठीही नव्हती. १३८०च्या सुमारास ती उभी राहिली मठाचं लोकरीचं कोठार म्हणून. सतराव्या शतकात तिच्यात विणकरांची बिऱ्हाडं पाडली गेली. म्हणजे आपल्या भाषेत चाळच. विणलेलं कापड समोरच्या ‘रॅक आयल’ या पाणथळ तुकड्यावर लाकडी चौकटींवर ताणून वाळवत.

दगड मात्र ज्युरासिक काळातला. उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी साचलेला हा चुनखडक भिंगातून पाहिला तर माशाच्या अंड्यांसारखे गोल दाणे दिसतात. बैलगाडी-घोडागाडीच्या काळात दगड लांबून आणणं परवडत नसे, म्हणून घर जवळच्या खाणीचा रंग घेई: उत्तरेकडे सोनेरी, दक्षिणेला बाथच्या बाजूला फिकट.

छपरावरच्या फरशाही दगडाच्याच. त्या फोडायची रीत मला सगळ्यात आवडते, कारण अर्धं काम थंडी करते. खाणीतून काढलेल्या लाद्या हिवाळ्यात उघड्यावर ओल्या ठेवायच्या. थरांमधलं पाणी गोठून फुगलं की लादीचे पापुद्रे सुटू लागतात. मग हातोडीने कडा घडवायच्या, भोक पाडायचं आणि ओकच्या खुंटीने फरशी छपराच्या पट्टीवर अडकवायची. मोठ्या फरशा खाली वळचणीला, आढ्याकडे जाताना लहान लहान. हिवाळा उबदार गेला की पंचाईत! फरशा ओबडधोबड, फटींतून पाणी शिरू नये म्हणून उतार तीव्र. फोटोत ‘परीकथेतला’ वाटणारा तो उतार पावसाच्या धाकाने आलेला आहे.

भिंती जाड, मधे दगडांची भर आणि चुना. चुना ओल बाहेर सोडतो. नंतर कुणी हौसेने सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते आणि दगड झडू लागतो. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांचेही असेच हाल होतात.

ही घरं टिकली कशी? याचं उत्तर फारसं रम्य नाही. यंत्रं आली, कापडाचा धंदा यॉर्कशरकडे सरकला, इथले माग थांबले. शेतमजुरांकडे नवं बांधायला पैसा नव्हता, म्हणून जुनं राहिलं. मग पैसेवाल्यांना त्यात सौंदर्य दिसलं. विल्यम मॉरिसने बायबरीची तोंड भरून स्तुती केली. हेन्री फोर्डने तर १९३० साली शेजारच्या चेडवर्थमधलं एक घर विकत घेतलं, दगडन् दगड सुटा करून मिशिगनला नेलं. मोटारींनी जुनं जग बदलणाऱ्या माणसाला जुनं घर हवं होतं!

आर्लिंग्टन रो आज नॅशनल ट्रस्टकडे आहे. तिच्याजवळ उभी असलेली एका रहिवाशाची पिवळी गाडी फोटो बिघडवते, अशी पर्यटकांची तक्रार असे. पुढे त्या गाडीची कुणीतरी तोडफोड केली. २०१७च्या एप्रिलमध्ये त्याच्या पाठिंब्यासाठी पिवळ्या गाड्यांचा ताफाच बायबरीत शिरला.